मामांची कात्री

मामा शिंपी. अर्धांगाचा झटका आला आणि उजवा हात लुळा पडला. व्यायाम झाले, मालिश झालं. हात खांद्यापर्यंत वर जाऊ लागला, बोटं मात्र हटून बसली. मामांना एकच घोर, पुन्हा कापड कापता येईल का? डॉक्टर म्हणाले, "आता ऑक्युपेशनल थेरपिस्टला दाखवा."

शोधायचं काम अर्थातच भाचीच्या, म्हणजे माझ्या गळ्यात. औषधवाल्यानं मालिशवाल्याचा पत्ता दिला, शेजारणीनं तर चष्मेवाल्याचा! शेवटी सायकलच्या दुकानावरच्या माडीवर पाटी दिसली. रोज त्याच रस्त्यानं जाते मी. डोळे कुठे गहाण ठेवले होते कोण जाणे!

मामा-मामींना घेऊन आत पाऊल टाकलं आणि चाटच पडले. यंत्र नाही, पलंग नाही. एका फळीवर नळ, कुलूप, कडी, विजेची बटणं ठोकलेली. टोपलीत चिमटे, डबे, बुटांच्या नाड्या. भंगारवाल्याकडे आलो की काय! थेरपिस्टबाईंनी हात तपासलासुद्धा नाही. मामांना विचारलं, "सकाळी उठल्यापासून काय काय करता?"

"दात मी घासते, शर्ट मी घालते, भरवतेही मीच," मामीच अभिमानानं म्हणाली.

"मग हे काय करतात?"

मामीचं तोंड एवढंसं झालं. मला बाईंचा असा राग आला! रात्रंदिवस खपणाऱ्या मामीला हे बक्षीस?

"जेवण, आंघोळ, धंदा, ज्याला जे करायचंय ते त्याचं त्याला करता यावं, एवढंच माझं काम," बाई म्हणाल्या. "फोनवर सांगितलं होतं, ती कामाची कात्री आणलीत?"

मामीनं पिशवीतून कात्री काढली. मामांची मोठी कात्री! कागदाला लागली की धार मेली, म्हणून सख्ख्या भावालाही त्यांनी ती कधी दिली नव्हती. आता तिच्या पात्याला दाते पडले होते आणि फटीत चंदेरी कागदाचा तुकडा अडकला होता.

"हे काय?" मामांनी विचारलं.

"मी गोळ्यांची पाकिटं कापत होते," मामी पुटपुटली. "म्हटलं, आता तुम्हाला कुठे लागणार आहे..."

मामीनं केव्हाच आशा सोडली होती, आणि ते मामांना असं कळावं! त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. मग उजवा हात टेबलावरून सरपटत गेला आणि कात्रीवर पडला. मामी सरसावली, तर बाईंनी तिला अडवलं. महामुश्किलीनं अंगठा कात्रीच्या कडीत शिरला. पाती हलली नाहीत.

"धार लावून आण," मामा मला म्हणाले.

"जरूर लावा," बाई म्हणाल्या. "पण आधी उद्याचा शर्ट. बटणं हे स्वतः लावतील. घरात कुणी हात लावायचा नाही."

दुसऱ्या दिवशी धार लावलेली कात्री घेऊन गेले, तर मामी खोलीच्या दाराबाहेर उभी, डोळ्यांत पाणी. "केव्हाचे झटताहेत गं. बघवत नाही मला."

दार उघडलं. जन्मभर लोकांच्या अंगावर कपडे बेतून बसवणारा माणूस, आणि शर्टाची एक बाजू वर, एक खाली. बटणं एकेक घर चुकत गेली होती. मामीचा हात पटकन त्यांच्या गळ्याशी गेला, आणि तिनं तो मागे घेतला.