उजवीकडे सरकवलेली पट्टी

सुधाकर गेल्याचा फोन आला तेव्हा माझ्या हातात त्याच्याच पुस्तकाची प्रुफं होती. त्याचं म्हणजे त्याने लिहिलेलं नव्हे, त्याने पानं लावलेलं. कुंदावहिनी एवढंच म्हणाल्या, "भाऊजी, गेले हो..." आणि मग फोन बहुधा कुणीतरी त्यांच्या हातातून घेतला. मी 'निघतोच' म्हणालो. पण निघण्याआधी, बोट ज्या ओळीवर होतं ती ओळ मी शेवटपर्यंत वाचली आणि मगच कागद खाली ठेवले. असं का केलं, मला सांगता येणार नाही. ओळ अर्धी सोडून उठायचं नाही, असं आम्ही दोघं एकमेकांना बजावत आलो होतो, तेव्हा सवयीने झालं असेल. पण एवढं बारकाईने वाचणारा मी, समोर बसलेल्या माणसाकडे मात्र नीट पाहू शकलो नाही, हे त्या दिवसापासून मनातून जात नाही. आज हे लिहायला बसलो ते त्यासाठीच.

आम्ही दोघंही खापरखेड्याच्या वसाहतीतले. दोघांचेही वडील वीज केंद्रात कामाला. खिडकीच्या कठड्यावर राखेचा बारीक थर बसायचा आणि सुधाकर त्यावर बोटाने चौकटी आखायचा. मोठी चौकट, तिच्यात दोन उभे कॉलम, वर मथळ्याची जागा. पुढे मी एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात लागलो आणि तो नागपुरातल्या एका छापखान्यात. तेव्हा पान लावणं म्हणजे खरोखर हाताने लावणं होतं. मजकुराच्या पट्ट्या कटरने कापायच्या, गोंद लावून मोठ्या कागदावर चिकटवायच्या, ओळ तिरपी गेली की नखाने उचलून पुन्हा बसवायची. त्याच्या नखांत कायम वाळलेला गोंद असे. संगणक आला तेव्हा त्याच्या बरोबरीचे काहीजण काम सोडून गेले. हा मात्र पडद्यासमोर असा बसला, की जणू त्याचंच टेबल कुणीतरी परत आणून दिलंय. पानं लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये डाव्या कडेला चिन्हांची एक उभी पट्टी असते. निवडायचा बाण, मजकुराचं अक्षर, कात्री, रंगाचा थेंब, सगळं एकाखाली एक. तिला तो हत्यारांची पेटी म्हणायचा. "पाह्य बे पंडित, कटर इथं, गोंद इथं. माझ्या टेबलावरचंच उचलून काचेत टाकलं कोणीतरी." मला तो पंडितच म्हणायचा. त्यात आदर थोडा आणि टोमणा जास्त.

निवृत्तीनंतर आम्ही नागपूरजवळच्या बेसाला, त्याच्या घराच्या पुढच्या खोलीत, लोकांची पुस्तकं तयार करून द्यायला लागलो. तो पानं लावायचा, मी घरी प्रुफं वाचायचो आणि दर दोन-चार दिवसांनी त्याच्याकडे जायचो. कुणाच्या कविता, कुणाचं आत्मचरित्र, कुणाच्या वडिलांचा गौरवग्रंथ. शेवटचं पुस्तक होतं विदर्भातल्या जुन्या विहिरींवरचं. एका निवृत्त अभियंत्याने गावोगाव हिंडून लिहिलेलं, दोन कॉलमचं, रेखाटनांनी भरलेलं. सुधाकर त्या पुस्तकावर खूष होता. पायऱ्यांच्या विहिरीचं एक रेखाटन त्याने दोन कॉलमांच्या मधोमध असं बसवलं होतं, की मजकूर दोन्ही बाजूंनी खाली उतरत जातो. ते दाखवताना तो म्हणाला, "आता बोल. यात काही चूक काढून दाखव." मला काढता आली नाही, याचा त्याला पुढे कित्येक दिवस आनंद होता.

त्याच पुस्तकाच्या मध्यावर एका सकाळी त्याचा फोन आला.

"पंडित, हत्यारांची पेटी पळाली."

"कुठं पळाली?"

"मले माहीत असतं तं तुले काहून फोन केला असता?"

सॉफ्टवेअरचं त्याला माझ्यापेक्षा कितीतरी जास्त कळायचं. पण काही बिघडलं की तो चिडायचा, आणि शांतपणे एकेक शक्यता तपासत जाणं हे काम माझ्याकडे आलेलं होतं. मला ते आवडायचंही. मी विचार करून सांगितलं, की टॅबचं बटण चुकून दाबलं गेलं असेल, त्याने पट्ट्या लपतात. त्याने ते दाबलं. "अबे, आता तं उजवीकडच्याही गेल्या!" मी म्हटलं, पुन्हा दाब. "आल्या उजवीकडच्या," तो म्हणाला. मग खुर्ची कुरकुरल्याचा आवाज... आणि "हाव बे, पेटी पण आली. जादूच हाय."

मी फोन ठेवला तो समाधानाने. आज ते संभाषण मी शब्द न शब्द आठवतो. टॅबने सगळ्याच पट्ट्या लपतात, एकटी डावीकडची लपत नाही. उजवीकडच्या जागेवर होत्या, म्हणजे टॅब दाबलं गेलेलंच नव्हतं. त्यानेच ते मला सांगितलं होतं. आणि पेटी परत आली ती बटणाने नाही, खुर्ची वळली म्हणून. हे सगळं त्या एका वाक्यात होतं, मी ते ऐकलंही होतं. पण मी सॉफ्टवेअरमधली चूक शोधत होतो, आणि माझ्या उत्तराने चूक गेली असं दिसत होतं.

ती चूक पुन्हा आली. पेटी कधी दिसायची, कधी नाही. कधी तो म्हणायचा की बाण आहे पण डाव्या कॉलमला पकडतच नाही, उजव्याला बरोबर पकडतो. मी सांगितलं म्हणून त्याने सगळ्या सेटिंग्ज मूळ पदावर आणल्या, सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकलं, पडदाही बदलून पाहिला. सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांना तो रोज नवी शिवी द्यायचा. शेवटी एकदा पेटी पळाल्याचा फोन येताच मी बेसाला गेलो. खोलीत शिरलो तर पट्टी पडद्यावर डाव्या कडेला मजेत उभी.

"ही काय आहे मग?" मी विचारलं.

त्याने मान वळवून पाहिलं. "आत्ता नव्हती बे. आईची शपथ. तू आला की येते. तुले घाबरते ती."

आम्ही दोघंही हसलो. मग मी माऊसने ती पट्टी धरली आणि ओढत नेऊन पडद्याच्या उजव्या कडेला लावली. "आता पळून दाखव म्हणावं तिले." त्याने दोन-तीन चौकटी काढून पाहिल्या, मजकूर ओतला, बाणाने उचलून इकडचा तिकडे केला. हात पूर्वीसारखा झरझर चालत होता. वहिनी चहा घेऊन आल्या तेव्हा त्यांना म्हणाला, "पंडितानं इलाज केला." मी तो शब्द कौतुक म्हणून घेतला आणि घरी येईपर्यंत खुशीत होतो. त्यानंतर त्या पट्टीची त्याने एकदाही तक्रार केली नाही. माझा उपाय लागू पडला होता. तो लागू पडला नसता, तर पुढच्या खेपेला आम्ही कदाचित यंत्र सोडून माणसाकडे पाहिलं असतं. हा 'कदाचित' मी रोज वेगवेगळ्या जागी ठेवून पाहतो.

मग प्रुफं. ओळीच्या डाव्या अर्ध्यातली चूक डाव्या समासात आणि उजव्या अर्ध्यातली उजव्या समासात दाखवायची, ही माझी जुनी पद्धत. सुधाकरकडून परत आलेल्या पानांवर उजव्या समासातल्या सगळ्या दुरुस्त्या झालेल्या असत, आणि डावीकडच्या जशाच्या तशा. मी जरा घुश्शातच विचारलं, "डाव्या बाजूशी तुझं काय वैर आहे गा?" तो म्हणाला, "तू इतक्या बारीक अक्षरात लिहितो, का मुंगी मेली का काना दिला, समजत नाही." मी मनात म्हटलं, वय झालं, कंटाळला असेल. भांडण नको म्हणून मी सगळ्याच दुरुस्त्या उजव्या समासात लिहायला लागलो. काम पुन्हा सुरळीत झालं. एकदा मी त्याच्या डाव्या हाताला बसून बराच वेळ काहीतरी सांगत होतो आणि तो पडद्याकडेच पाहत राहिला. उठून पलीकडे गेलो तेव्हा दचकून म्हणाला, "तू कधी आला?" मी म्हटलं, कान तपासून घे. तो म्हणाला, "कान नाही बे, तूच हळू बोलतो. शाळेतही मास्तर हेच म्हणत." खरंच म्हणत. त्यामुळे तोही विषय हसण्यावारी गेला.

पुस्तकाची थोडीच पानं उरली असताना तो स्कूटरवरून घरी येत होता. बेसाच्या आतल्या रस्त्यावर, डाव्या कडेला उभ्या असलेल्या एका हातगाडीवर जाऊन आदळला. उजेड होता, रस्ता मोकळा होता. खांद्याला मार लागला, बाकी काही नाही. पण दवाखान्यातल्या डॉक्टरांनी त्याच्यासमोर आपलं बोट एका बाजूने दुसऱ्या बाजूला नेलं, पुन्हा नेलं, आणि डोक्याचा फोटो काढायला सांगितला. मेंदूत उजव्या बाजूला गाठ होती. तिच्यामुळे त्याला डावीकडचं दिसत नव्हतं, आणि दिसत नाही हेही कळत नव्हतं. डॉक्टर वहिनींना आणि मला म्हणाले, "मागच्या काही महिन्यांत डावीकडचं काही चुकायचं का यांचं? काही लक्षात आलं का?" वहिनींनी नकारार्थी मान हलवली आणि माझ्याकडे पाहिलं. "भाऊजी, तुम्ही तं इतका वेळ त्यायच्याजवळ बसत होते." मी म्हणालो, नाही. काही लक्षात नाही आलं. आवाज माझाच होता.

शस्त्रक्रियेच्या आधी एकदा आम्ही दोघंच होतो. मी त्याच्या उजव्या बाजूला स्टूल घेऊन बसलो. आता मला ठाऊक होतं कुठे बसायचं. तो छताकडे पाहत होता. मग हळूच म्हणाला, "म्हंजे सॉफ्टवेअर चांगलं होतं बे. फुकटच्या शिव्या दिल्या त्याले." आणि हसला. मला त्याला सांगायचं होतं की मला कळायला हवं होतं, तू प्रत्येक गोष्ट मला सांगितली होतीस. पण तोंडातून निघालं ते, "विहिरीचं पुस्तक कधी पुरं करतो?" तो म्हणाला, "तूच कर. तुले तं चुका काढता येतात." त्याच्या मनात काही नव्हतं, माझी खात्री आहे. बोलायची त्याची रीतच तशी. तरी त्या वाक्यापाशी मी अजून अडतो. शस्त्रक्रियेनंतर तो पूर्ण शुद्धीवर आलाच नाही. मी नंतर डॉक्टरांना गाठून विचारलं, लवकर कळलं असतं तर? ते म्हणाले, सांगता येत नाही. वेळ थोडा जास्त मिळाला असता, नसताही. हे ऐकून हलकं वाटायला हवं होतं, नाही वाटलं. थोडा वेळ म्हणजे किती, आणि त्याने त्यात काय केलं असतं, हे मला दिसत राहतं.

गेल्या आठवड्यात मी विहिरीच्या पुस्तकाच्या फायली आणायला बेसाला गेलो. संगणक लावला. काम झालं. वहिनी दाराशी येऊन म्हणाल्या, "जेवूनच जा भाऊजी. एकटीसाठी टाकलेलं संपत नाही." मला ताटावर बसणं शक्य नव्हतं, त्याआधी बोलणं भाग होतं. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. टॅबचं बटण, पट्टी, दोन्ही समास. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी 'नाही' म्हणालो ते खोटं होतं, हेही. तेव्हाच, तिथे उभ्या उभ्या, माझ्या सगळं लक्षात आलं होतं आणि तुमच्यासमोर बोलायची हिंमत झाली नाही, असं म्हणालो. वहिनी दाराच्या चौकटीला धरून ऐकत होत्या. त्यांचा चेहरा मला वाचता आला नाही. मग म्हणाल्या, "बसा, पान घेते," आणि आत गेल्या.

ताट समोर आलं. पोळी, भात, उजव्या अंगाला वांग्याची भाजी... आणि भाजीच्या अगदी लगत, दाटीवाटीने, जवसाची चटणी, लिंबाची फोड, मीठ. ताटाची डावी बाजू कोरी होती. दुःखात वाढताना गफलत झाली असेल असं मला वाटलं. पण मी तिकडे पाहतो आहे हे त्यांनी पाहिलं, आणि समोर जमिनीवर बसल्या.

"रोज ओरडायचे," त्या म्हणाल्या, "चटणी काहून नाही वाढली वं, म्हणून. वाढलेली राहायची, भाऊजी. ताटातच राहायची. मी म्हणे, डोये फुटले का तुमचे? असं म्हणे मी त्याइले..." पदराने तोंड पुसून त्या थांबल्या. "मंग मी इकडं वाढू लागली. मंग नाही ओरडले. गुपचाप जेवायचे."

त्यांनी वाकून लिंबाची फोड थोडी भाजीपासून सारली, डावीकडे नाही, तिथेच, उजवीकडे.

"सवय लागली आता. हात इकडंच वळते," त्या म्हणाल्या. "जेवा तुम्ही."