लेखकाची लेक

ब्रिडीआजी आपल्या वडिलांना चुकूनही वडील म्हणत नसे. ‘युअर मॅन’ म्हणायची. आयर्लंडमध्ये कुणा तिऱ्हाइताविषयी असं बोलतात. आपण ‘तो बुवा’ म्हणतो ना, तसं. आता हा बुवा म्हणजे देशाने डोक्यावर घेतलेला कादंबरीकार. त्याचं वाक्य एकदा सुरू झालं की पान उलटलं तरी संपत नाही. मी ती कादंबरी अनेकदा हातात घेतली आणि दर वेळी दुसऱ्या प्रकरणात गळपटले. तिला तसं सांगितलं, तर म्हणाली, “चिवट आहेस, पोरी. मी पहिल्यातच सोडली.”

मी ड्रोहेड्याच्या हॉस्पिटलात डॉक्टर आणि ती आमची भिंतीला भिंत लागून शेजारीण, नव्वदीच्या घरातली. तिचं सगळं आयुष्य एकच चूक दुरुस्त करण्यात गेलं. कादंबरीत नायकाची बायको एका सकाळी दार उघडं टाकून, पोरांना मागे ठेवून निघून जाते. ते प्रकरण कॉलेजांतून शिकवतात. प्रत्यक्षात गेला तो युअर मॅन. ब्रिडी लहान असताना लिस्बनला गेला, तिथेच लिहीत बसला, तिथेच मेला. आई राहिली. हॉटेलात चादरी धुऊन तिने पोरं वाढवली. “तो गेला आणि पुस्तकात तिला घालवलं,” ब्रिडीआजी म्हणायची. “लिहिता त्याला येत होतं ना!”

ती अजून कादंबरीतल्या त्याच घरात राहायची. उन्हाळ्यात वाचक यायचे आणि त्या प्रसिद्ध दाराशी फोटो काढायचे. ही त्यांना आत बोलवायची, हातात चहाचा कप द्यायची आणि मग सुरू व्हायची, “माझी आई कुठेही गेली नव्हती.” कप रिकामा होईपर्यंत सुटका नसे. एक प्राध्यापक फारच समजुतीच्या सुरात म्हणाले, की कलाकृती आणि आयुष्य यांत फरक असतो. “असतो तर,” ती म्हणाली. “कलाकृतीला पोरं जेवू घालावी लागत नाहीत.”

इकडे वर्षातून एका रविवारी सगळं गाव दफनभूमीत जमतं. पाद्री घरोघरच्या कबरींवर पवित्र पाणी शिंपडतो, म्हणून आदल्या दिवशी त्या घासूनपुसून ठेवायच्या. मी तिची बादली उचलून सोबत जायची. आईच्या नावाखाली दगडावर मोकळी जागा होती. तिथे ब्रश फिरवत ती म्हणायची, “ही माझी. इथे हिच्या कुशीत पडायचं, बस्स.” तिला दुसरं काही नको होतं.

मग ती विसरायला लागली. एकदा तिच्या तोंडून ‘डॅडी’ ऐकलं आणि मला बरं वाटलं. म्हटलं, उतारवयात का होईना, राग निवळला. कसला निवळतोय! “डॅडी बिचारा,” ती म्हणाली. “आई दार उघडं टाकून गेली. त्याने एकट्याने सांभाळलं आम्हाला.”

न वाचलेलं ते प्रकरण तिने जन्मभर लोकांच्या तोंडून ऐकलं होतं, खोडून काढलं होतं. खरं ते पुसलं गेलं आणि खोडलेलं तेवढं डोक्यात राहिलं. ती लहान मुलीसारखी रडायची. “का गेली गं आई मला टाकून?”

“गेली नव्हती, आजी. हॉटेलात चादरी धुवायची. तूच सांगितलंस मला.”

“तू पाहिलंस तिला?”

मी कुठून पाहणार? मी नागपूरची. वृद्धांच्या वॉर्डात काम करते, औषधं मला माहीत होती, ती कुठवर पुरतात हेही माहीत होतं. तिचा हात धरून मी तेच तेच सांगत राहायची. ती मान हलवायची आणि डोळे पुसून पुन्हा तेच विचारायची. मला त्या बुवाचा असा संताप यायचा की काय सांगू! पण मेलेल्या माणसाशी भांडणार कसं?

ती गेली तेव्हा नास गावाहून तिचा पुतण्या डेक्लन आला. शवपेटी घरातच ठेवली होती, शेजारीपाजारी चहा-सँडविच घेऊन आठवणी सांगत होते. डेक्लनने मला स्वयंपाकघरात बोलावलं. “तिला तिच्या आईच्या कबरीत ठेवायचं नाही,” तो म्हणाला. मी सगळं सांगितलं, दगडावरच्या जागेचंही.

“मला ठाऊक आहे. मी तिच्याच मांडीवर ऐकलंय ते,” तो म्हणाला. “पण तिने माझ्याकडून शब्द घेतला. ‘जी मला टाकून गेली तिच्याशेजारी मला झोपवू नकोस’ म्हणाली. तिला दिलेला शब्द मोडू कसा, सांग?” त्याचे डोळे भरून आले होते. तिला दफनभूमीच्या नव्या भागात, पार पलीकडच्या भिंतीपाशी पुरलं.

यंदा मी एकटीच बादली घेऊन गेले. तिच्या आईच्या कबरीवरचं गवत उपटत होते. पलीकडे ब्रिडीआजीच्या दगडाचा फोटो काढून एक बाई माझ्याकडे आल्या, हातात ती कादंबरी.

“ही कुणाची?”

“तिच्या आईची.”

“ओ! सोडून गेली ती!”

मी उठून उभी राहिले. “नाही,” म्हटलं. “ती कुठेही गेली नव्हती.”

“ग्रँड, ग्रँड,” बाई गोड हसून म्हणाल्या, आपण ‘बरं, बरं’ म्हणतो ना, तसं. त्यांनी त्या दगडाचाही एक फोटो काढला आणि निघून गेल्या.