खिल्लारे सरांच्या चाकातली हवा

खिल्लारे सरांच्या कळमनुरीच्या घरी पाहुणा आला की सर आधी त्याच्या गाडीची दोन्ही चाकं दाबून बघत आणि मग त्याला आत या म्हणत. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा मी फाटकात ताटकळलेला आणि सर माझ्या स्कूटरपाशी उकिडवे. "मागच्यात कमी हाय. अशा चाकावर लेकराबाळाला बसवू नका," हे त्यांचं माझ्याशी पहिलं बोलणं. तोवर माझं लग्नसुद्धा ठरलं नव्हतं.

आम्ही एकाच शाळेवर शिक्षक होतो. सर विज्ञान शिकवत आणि मुलं त्यांच्यावर जीव टाकत. पण मोटरसायकलचा विषय निघाला की हा हसरा माणूस एकदम गप्प होई. नव्वदच्या दशकात पुसेगावच्या, म्हणजे सरांच्या बायकोच्या, आमच्या वहिनींच्या माहेरच्या रस्त्यावर त्यांच्या गाडीचं मागचं टायर फुटलं. सरांना खरचटलं, वहिनींच्या मांडीचं हाड मोडलं. निघताना वहिनी म्हणाल्या होत्या की हवा भरून घ्या, आणि सर म्हणाले होते, चालतंय. त्या एका शब्दापायी सरांनी स्वतःला कोंडून घेतलं आणि सोबत वहिनींनाही. गाडी शाळेपुरती. वहिनींना मागे बसवायचं नाही, आणि परक्या जीपनंही पाठवायचं नाही, कारण "तिच्या टायरचं कोण बघून राहिलं?" माहेरची माणसंच अधूनमधून येऊन भेटून जात. मला वहिनींची कीव यायची आणि सरांचा रागही.

पुढे काही वर्षांनी वहिनींच्या आईनं अंथरूण धरलं. आता तिकडून कोणी येण्यासारखं नव्हतं, इकडूनच जायला हवं होतं. सरांची घालमेल ऐकून पुण्याच्या भाच्यानं एक यंत्र पाठवलं. चाकांच्या व्हॉल्ववर टोपणासारख्या दोन चकत्या बसवायच्या आणि हँडलवर एक छोटा पडदा. त्यावर हवेचा आकडा दिसणार, हवा कमीजास्त झाली की ते पीं पीं करणार. रऊफभाई मेस्त्रीनं ते बसवून दिलं आणि बजावलं, "चलते चलते टायर गरम होता, आकडा चढेगा सर. घबराना नक्को." सर हसले. तापली की हवा प्रसरण पावते, हे ते दरवर्षी सातवीला शिकवत होते. वहिनी तर चहात साखर टाकायची विसरल्या, इतक्या खूश होत्या.

रविवारी आम्ही निघालो, वहिनी सरांच्या मागे बसल्या. एक गाडी बिघडली तर दुसरी असावी म्हणून सरांनी मलाही स्कूटर घेऊन सोबत यायला लावलं. चैत्राचं ऊन, तापलेला रस्ता. आकडा चढला, यंत्र ओरडलं. सर थांबले, थोडी हवा सोडली, टायर निवेपर्यंत लिंबाखाली बसले. पुन्हा निघालो, पुन्हा तेच. मी रऊफभाईच्या बोलण्याची आठवण करून दिली. सर म्हणाले, मला ठाऊक हाय. त्यांना खरंच सगळं ठाऊक होतं, फक्त हात ऐकत नव्हते. हिंगोली मागे पडल्यावर तिसऱ्यांदा थांबलो, तेव्हा त्यांनी घाम पुसत गाडीचं तोंड घराकडे वळवलं.

वहिनी गाडीवर बसल्या नाहीत. पिशवी हातात घेऊन शांतपणे म्हणाल्या, "हाड माझं मोडलं होतं, ते कवाच जुळलं. तुमचं काहून जुळून नाही राहिलं?"

सर खाली बघत उभे राहिले. मागून काळी-पिवळी जीप आली, वहिनींनी हात केला आणि त्या चढून बसल्या. आम्ही दोघं घरी परतलो. मायलेकींची भेट झाली आणि पावसाळ्याआधीच म्हातारी गेली.

त्यानंतर भावाकडे जायचं झालं की वहिनी जीपनं जात. सर स्टँडपर्यंत पिशवी घेऊन पायी सोडायला येत आणि जीप भरेपर्यंत खिडकीपाशी थांबत. वहिनी शेजारच्या जागेवर हात ठेवून विचारत, "येता का?"

"पुढल्या टायमाला," सर म्हणत.

मग कोणीतरी येऊन त्या जागेवर बसे.