फाइल टेबलावर आहे

वाघमारे मीटिंगला सगळ्यात शेवटी यायचे आणि दाराजवळच्या खुर्चीत बसायचे. तासभर एक शब्द बोलायचे नाहीत. आम्ही सगळे आपापल्या कामाची स्तुती करून दमलो आणि बॉसबाईंनी "सो, फ्रायडे रिलीज, कॅन?" असं विचारलं, की वाघमारे चष्मा काढायचे, शर्टाच्या टोकाला पुसायचे आणि म्हणायचे, "कॅनॉट. एक तिकीट उघडं आहे."

आमची कंपनी सिंगापुरात, बुओना व्हिस्टाला होती. कारखान्यांतली यंत्रं चालवणारं सॉफ्टवेअर आम्ही बनवायचो. त्यात सापडलेल्या प्रत्येक दोषाची संगणकावर नोंद व्हायची, ते तिकीट. दोष दुरुस्त झाला, तपासून झाला, की तिकीट बंद. एकही तिकीट उघडं असेल तर माल बाहेर सोडायचा नाही, हा नियम सगळ्याच कंपन्यांत लिहिलेला असतो. आमच्याकडे तो पाळणारा माणूसही होता, ही आमची अडचण होती.

मी पुण्याचा, देवधर. वाघमारे चंद्रपूरचे, माझ्यापेक्षा बारा-तेरा वर्षांनी मोठे. तोआ पायोहला एका जुन्या ब्लॉकमध्ये चौथ्या मजल्यावर एकटे राहायचे. पत्नी नागपुरात बँकेत होत्या आणि नोकरी सोडायला तयार नव्हत्या. वाघमाऱ्यांच्या फ्रिजमधल्या डब्यांवर चिठ्ठ्या असत. 'वांग्याची भाजी. निर्णय बाकी.' एकदा त्यांच्या स्वयंपाकघरात झुरळ निघालं म्हणून मी चप्पल उचलली. "थांबा, देवधर," ते म्हणाले, "दाराकडे चाललं आहे. काय करते ते तं पाहू." आम्ही दोन अनुभवी इंजिनियर एका झुरळाचा विचार पक्का होण्याची वाट पाहत पाच मिनिटं उभे राहिलो. ते फ्रिजखाली गेलं. "आता तं तुम्हाला चप्पल घालावीच लागते," वाघमारे म्हणाले आणि चहा टाकायला वळले.

त्यांचे वडील जिल्हा कोर्टात शिपाई होते. जन्मभर त्यांनी फायली या टेबलावरून त्या टेबलावर नेल्या. घरी आल्यावर ते एकच गोष्ट पुन्हापुन्हा सांगत, आणि वाघमारे ती त्यांच्याच शब्दांत सांगत: "फाइल टेबलावर हाये तोवर माणूस हाये. फाइल कपाटात गेली का गेला." लहानपणी त्यांना वाटायचं की बाबा माणसंच इकडून तिकडे नेतात. मोठेपणीही त्यांचं हे मत फारसं बदललं नव्हतं.

जोसेफबद्दल मला पहिल्यांदा कळलं ते चांगीच्या धक्क्यावर. आम्ही दोघं रविवारी सकाळी पुलाउ उबीन बेटावर सायकली चालवायला निघालो होतो. तिथला नावाडी बारा माणसं झाल्याशिवाय होडी सोडत नाही. आम्ही दोघंच होतो. मी चिडलो, वाघमाऱ्यांना मात्र तो नियम मनापासून आवडला. बाकावर बसून दहा माणसांची वाट पाहता पाहता त्यांनी सांगितलं.

सिंगापूरला येण्याआधी ते पूर्व आफ्रिकेत एका साखर कारखान्यात होते. देशाचं नाव मी लिहीत नाही, कारण खटला अजून संपलेला नाही आणि वाघमाऱ्यांना ते चाललं नसतं. तिथे जोसेफ नावाचा एक तरुण त्यांच्याकडे स्वयंपाकाला होता. एका संध्याकाळी गावात एका दुकानदाराचा खून झाला आणि चार दिवसांनी पोलिसांनी जोसेफला उचललं. त्या संध्याकाळी जोसेफ पूर्ण वेळ वाघमाऱ्यांच्या स्वयंपाकघरात होता. वाघमाऱ्यांनी चौकीत जाऊन तसं सांगितलंही. फौजदारानं ते लिहून घेतलं आणि खटल्याच्या वेळी बोलावू म्हणाला. मग वाघमाऱ्यांचं कंत्राट संपलं आणि ते इकडे आले. खटला तीन वर्षांनी उभा राहिला. समन्स कारखान्याच्या पत्त्यावर गेलं आणि 'माणूस इथे नाही' असा शेरा घेऊन परत आलं. जोसेफला फाशीची शिक्षा झाली. तिथल्या सर्वांत वरच्या कोर्टानंही ती कायम केली. हे सगळं वाघमाऱ्यांना कळलं जोसेफच्या बहिणीच्या पत्रातून, आणि तेही सगळं होऊन गेल्यावर.

"मी पत्ता नाही ठेवला, देवधर," ते म्हणाले. "एक चिठ्ठी ठेवायची होती फौजदाराकडे. इथं डब्यावर ठेवतो, तिथं नाही ठेवली."

मी विचारलं, सर्वांत वरचं कोर्ट झालं, मग आता पुढे काय? तर त्याच्याही वर एक होतं. आफ्रिकेतल्या देशांनी मिळून मानवाधिकारांसाठी एक न्यायालय काढलं आहे, आणि तिथे दाद मागता येईल अशी सही त्या देशानं केली होती. बहिणीनं गाठलेला वकील तिथे अर्ज करणार होता. अर्जात दोन मागण्या: साक्षीदाराला न ऐकता फाशी दिली, ती रद्द करा, आणि त्याचा निकाल लागेपर्यंत जोसेफला लटकवू नका, असं त्या देशाला सांगा.

"त्या कोर्टाकडे पोलीस आहेत?" मी विचारलं.

"नाही."

"मग तो देश कशाला ऐकेल?"

"सही केली ना बाप्पा त्यांनी. सही केलेला माणूस थोडा तं लाजते."

तोवर धक्क्यावर अकरा माणसं झाली होती. बारावा येईपर्यंत वाघमाऱ्यांनी माझ्याकडे त्यांचं काम काढलं. ते रोज मराठीत डायरी लिहायचे. त्या संध्याकाळची नोंद डायरीत होती. तिचं इंग्रजी भाषांतर हवं होतं, आणि वकिलाचं म्हणणं असं की ते साक्षीदारानं स्वतः केलेलं चालणार नाही. मराठी जाणणारा दुसरा कोणी हवा, आणि त्यानं नाव-पत्ता देऊन शपथेवर सही करायला हवी.

मी म्हणालो, बघतो. मराठीत याचा अर्थ काय होतो ते वाघमाऱ्यांना माहीत होतं.

माझा पीआरचा, म्हणजे सिंगापुरात कायम राहण्याच्या परवान्याचा, अर्ज तेव्हा आत होता. सिंगापुरात आम्ही नोकरीच्या पासवर राहणारी माणसं जेवण, शाळा आणि घरभाडं याबद्दल मोकळेपणानं बोलतो. फाशी तर सिंगापुरातही देतात, त्यामुळे तो विषय आम्ही कधीच काढत नसू. "हे आफ्रिकेतलं आहे," मी घरी बायकोला, मृणालला, समजावलं. "असेल," ती म्हणाली, "पण तू तो शब्द फोनवर लिहू नकोस." मग मी वाघमाऱ्यांना सांगितलं की माझा अर्ज निकालात निघाला की लगेच करून देतो.

ते रागावले नाहीत. चष्मा पुसत म्हणाले, "तुमचा अर्ज आत आहे तोवर तुम्हाला इथून कोणी काढते का? नाही काढत. पोरगी शाळेत जाते, तुम्ही सायकल चालवता. जोसेफसाठी मी तेवढंच मागून राहिलो, देवधर. अर्ज आत आहे तोवर काढू नका."

त्यानंतर दोन आठवडे त्यांनी विषय काढला नाही. काढला असता तर मी पुन्हा नाही म्हणालो असतो, मला जमलं असतं ते. मग एका सोमवारी मला सरकारी पत्र आलं: तुमचा अर्ज विचाराधीन आहे. एवढंच. ते पत्र मी तीनदा वाचलं, मृणालला वाचून दाखवलं, आणि त्या दिवशी मी इतका खुशीत होतो की संध्याकाळी मला माझीच लाज वाटली. विचाराधीन असण्याचा एवढा आनंद मला होत असेल, तर त्या माणसाला किती होईल? मी तोआ पायोहला गेलो.

डायरीतली नोंद पाच ओळींची होती. 'जोसेफनं पिठल्यात गुठळ्या केल्या. फार रागावलो. पुन्हा करायला लावलं. तेही तसंच. तिसऱ्यांदा बरं झालं. जेवायला साडेनऊ वाजले.' खून सातच्या सुमाराला झाला होता. एका माणसाचा जीव तीन वेळा केलेल्या पिठल्यावर टांगलेला होता, आणि ते इंग्रजीत कसं सांगावं यावर आम्ही दोन तास घालवले. बेसनाचं घट्टसर कालवण, असं काहीतरी शेवटी लिहिलं. 'फार रागावलो' सौम्य करावं असं मी सुचवलं. न्यायाधीशांपुढे जाणार, पिठल्यासाठी नोकराला तीनदा राबवणारा माणूस बरा दिसणार नाही.

"रागावलो ते रागावलो," वाघमारे म्हणाले. "तिथं कमी लिहिलं तं बाकीचंही खोटं वाटेल." आणि मग डायरी मिटता मिटता, "नसतो रागावलो तं तो सहाला घरी गेला असता. मग मी कुठला साक्षीदार?"

आम्ही दोघांनी शपथेवर सह्या केल्या. वाघमाऱ्यांनी प्रत्येक पान दोनदा मोजलं आणि अर्ज गेला.

काही महिन्यांनी एका दुपारी त्यांनी ऑफिसात मोठा डबाभर कुए आणले, ते नारळाचे रंगीत वड्यांसारखे असतात ते. बॉसबाईंनी विचारलं, "वाघमारे आह, बर्थडे इज इट?" "नो," वाघमारे म्हणाले, "वन टिकेट इज स्टिल ओपन." बाईंनी सुस्कारा सोडला आणि दोन वड्या उचलल्या. मला त्यांनी कागद दाखवला. अर्जाचा निकाल लागेपर्यंत फाशी अमलात आणू नये, आणि त्यासाठी काय केलं ते आपल्याला कळवावं, असं त्या न्यायालयानं देशाला सांगितलं होतं. कागद एकच होता. देश लाजला. जोसेफ राहिला.

वाघमाऱ्यांनी आयुष्यात कंपनीच्या साधनांचा एकच गैरवापर केला. आमच्या यादीत त्यांनी एक तिकीट उघडलं: 'जोसेफ. साक्षीदार ऐकला गेला नाही. दुरुस्ती बाकी.' महत्त्व सर्वांत कमी, म्हणजे कोणाच्या रिलीजला आड येणार नाही. दर महिन्याला बहिणीचा निरोप आला की त्याखाली ते दोन शब्द लिहायचे: 'जोसेफ आहे.'

दोन वर्षांनी तपासणी होणार म्हणून मला जुनी तिकिटं साफ करायला सांगितलं. तीनशेच्या वर होती. कोण वाचत बसणार? वर्षापूर्वी उघडलेली सगळी एकदम निवडली, कारणाच्या यादीतून 'दुरुस्त करणार नाही' हे निवडलं आणि बटण दाबलं. मग जेवायला बसलो. वाघमारे तेव्हा जवळच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या गाळ्यांपुढे, रांगेत उभे होते. संगणकानं आपल्या इमानदारीनं त्यांच्या फोनवर संदेश पाठवला: 'जोसेफ. बंद. दुरुस्त करणार नाही.'

ते पळत आले. पन्नाशी ओलांडलेला माणूस, दुपारच्या उन्हात, लिफ्टची वाट न पाहता तीन मजले चढून. माझ्या टेबलाजवळ उभे राहिले तेव्हा त्यांच्या हातात अजून रिकामा ट्रे होता.

"हे कोणी केलं?"

"मी," मी म्हणालो. "वाघमारे, मी फक्त यादी—"

"तिकडून नाही ना आलं?"

"नाही."

ते खुर्चीत बसले. पाणी मागितलं, पण प्यायले नाहीत. ग्लास मीच त्यांच्या हातातून घेऊन खाली ठेवला. मला तेव्हा वाटलं तितकं वाईट मला त्याआधी कधी वाटलं नव्हतं आणि नंतर एकदाच वाटलं. बऱ्याच वेळानं त्यांनी चष्मा पुसला. "बंद करायच्या आधी विचारत जा, देवधर," ते म्हणाले. "एक फोन करायचा. बस." मग स्वतः उठून तिकीट पुन्हा उघडलं, आणि ट्रे परत द्यायला गेले.

माझा पीआरचा अर्ज त्याच वर्षी नामंजूर झाला. पत्र दोन ओळींचं होतं, कारण दिलेलं नव्हतं. "पुन्हा टाका," वाघमारे म्हणाले. मी टाकला.

पुढे त्यांचा पास संपला आणि ते नागपूरला परत गेले. जाताना तिकिटावर लक्ष ठेवायला मला सांगितलं, आणि त्या वकिलाकडे माझा पत्ता लेखी दिला. या वेळी त्यांनी चिठ्ठी ठेवली. वर्षभरानं त्यांच्या पत्नीचा फोन आला. सकाळी फिरून आले, खुर्चीत बसले, आणि गेले. डॉक्टर येईपर्यंत वाट पाहायची सवडही त्यांना मिळाली नाही. ज्या माणसानं झुरळालाही पाच मिनिटं दिली, त्याला कोणी दिली नाहीत, याचा मला राग आला. अजून येतो.

निकाल त्यानंतर चार महिन्यांनी आला. साक्षीदाराला न ऐकता खटला चालवणं न्याय्य नव्हतं. फाशी रद्द करा आणि खटला पुन्हा ऐका. वकिलानं कळवलं की साक्षीदार हयात नसला तरी त्याचं शपथेवरचं म्हणणं आणि डायरी नव्या खटल्यात ठेवता येईल. भाषांतरकाराला मात्र बोलावणं येऊ शकतं. त्यासोबत जोसेफचं पत्र होतं; साहेब गेल्याचं त्याला अजून कोणी सांगितलं नव्हतं. त्याला दुसऱ्या बराकीत हलवलं होतं आणि तिथे खिडकी होती. 'साहेबांना सांगा,' त्यानं लिहिलं होतं, 'साक्षीला येतील आणि मी सुटेन, तेव्हा पहिलं पिठलं त्यांना करून घालीन. गुठळ्या होणार नाहीत असं मात्र सांगत नाही.'

उत्तर लिहायला मला नऊ दिवस लागले. साहेब येऊ शकणार नाहीत, मी लिहिलं. त्यांना जे सांगायचं होतं ते त्यांनी आधीच सांगून ठेवलं आहे. फार रागावलो होतो, हेसुद्धा. बोलावलं तर त्यांच्या जागी मी येईन. हे वाक्य मी मृणालला दाखवलं. माझा दुसरा अर्ज तेव्हा आत होता. तिनं वाचलं, आणि पाकीट डकवून माझ्या हातात दिलं.

गेल्या तपासणीच्या वेळी बॉसबाई माझ्या टेबलाशी आल्या. "दिस वन वाघमारे'ज टिकेट. ही नॉट हिअर ऑलरेडी. क्लोज, कॅन?"

"कॅनॉट," मी म्हणालो. "खटला पुन्हा चालायचा आहे" हे इंग्रजीत सांगितलं. त्यांनी सुस्कारा सोडला. तिकिटावर मालक म्हणून वाघमाऱ्यांचं नाव होतं; कंपनी सोडलेल्या माणसाचं नाव संगणक फिकट करतो. मी तिथे माझं नाव घातलं. मग त्या आठवड्यात बहिणीचा निरोप आलेला होता, म्हणून खाली लिहिलं: 'जोसेफ आहे.'