सईच्या बाबांच्या गाडीचा इंडिकेटर

मंडळी, आज सईच्या बाबांच्या जुन्या गाडीचे बल्ब काढून मी घरी सोल्डर करून बनवलेले एलईडी बसवले. कॉलेज अर्धवट सोडलेला जावई त्यांना नकोय, म्हणून ही सगळी धडपड.

इंडिकेटर लावला तर तो भलताच भराभर लुकलुकायला लागला. काका म्हणाले, "अरे, मला वळायचंय, वरात नाही काढायची."

डोकं सणकलं, पण दारात सई उभी होती. हसून वायरिंग तपासलं. एलईडी करंट कमी घेतात, त्यामुळे दिवा लुकलुकवणाऱ्या जुन्या फ्लॅशरला बल्ब गेलाय असं वाटतं आणि तो घाई करायला लागतो. नवा फ्लॅशर आणून लावला आणि इंडिकेटर ताळ्यावर आला.

काका धायरीत एक चक्कर मारून आले. म्हणाले, "रविवारी ब्रेक लाइटही करून टाक. आणि घरून जेवून येऊ नकोस."

पुण्यात याला होकार म्हणतात का हो?