दातांचं मॅचिंग

माझ्या पुढच्या दातांवर तपकिरी रेघा होत्या. कोलारकडच्या ज्या गावात आमचं बालपण गेलं, तिथल्या विहिरीच्या पाण्याचा तो प्रसाद. आईचं माहेरही शेजारच्याच गावचं, त्यामुळे आई, अक्का आणि मी, तिघींचे दात एकसारखे. फोटो काढताना तिघी ओठ घट्ट मिटून घ्यायचो. जुने फोटो बघून वाटावं, या बायका फोटोग्राफरवर रागावल्यात. प्रत्यक्षात आई अशी खदखदून हसायची, की शेजारीण काय झालं म्हणून विचारायला यायची. ते हसणं आठवलं की अजूनही जीव हलतो.

आईला जाऊन बरीच वर्षं झाली. अक्काने कवळी बसवली. उरले मी. लेकीचं लग्न ठरलं तेव्हा मी घरात जाहीर केलं, की या लग्नात मी तोंड उघडून हसणार आहे. लेक बेळ्ळंदूरच्या ऑफिसातून फोनवर म्हणाली, "आई, व्हिनियर्स करून घे ना, हल्ली सगळे करतात." सगळे म्हणजे तिच्या टीममधल्या दोन मुली.

मल्लेश्वरममधल्या दवाखान्यातली डॉक्टर लेकीच्याच वयाची होती. तिने कन्नडमध्ये सगळं नीट समजावलं. दाताचा वरचा पातळ थर घासायचा, मग साचा घ्यायचा. पोर्सिलेनचे नखासारखे पातळ पापुद्रे बनून येईपर्यंत तात्पुरते दात लावायचे, आणि शेवटी खरे चिकटवायचे. दुखू नये म्हणून इंजेक्शन देणार, पण थंड-गरम काही दिवस झोंबेल. "एकदा घासलं की मूळचा दात परत मिळत नाही, आंटी. विचार करून सांगा," ती म्हणाली. मी म्हटलं, मी शाळेत असल्यापासून विचारच करतेय.

रंग निवडायला अक्काला सोबत नेलं. लग्न झाल्यापासून तिचा जन्म चिकपेटात, भावजींच्या साड्यांच्या दुकानात गेला. डॉक्टरने नमुन्याच्या दातांची पट्टी पुढे केली, शुभ्र ते पिवळसर. मी झटक्यात सगळ्यात पांढऱ्यावर बोट ठेवलं.

"थांब गं. ट्यूबलाइटात कुणी रंग बघतं का?" अक्का म्हणाली आणि पट्टी घेऊन दाराकडे निघालीसुद्धा.

चिकपेटात ब्लाउजपीस घ्यायचा तर साडी घेऊन दुकानाच्या पायरीवर, उन्हात यायचं. आतल्या दिव्यात जुळलेलं कापड घरी गेल्यावर दगा देतं. अक्काने आयुष्यभर गिऱ्हाइकांना असंच दाराशी आणलं होतं, आता माझी पाळी. डॉक्टर हसून म्हणाली, "बरोबर आहे, आम्हीही खिडकीशीच बघतो." पण अक्काला खिडकी कुठली पुरायला? मी भर फुटपाथवर ओठ ताणून उभी राहिले. समोरचा फूलवाला माळ ओवायची थांबवून बघत बसला.

"हा नको, वॉशबेसिन दिसेल," अक्काने पांढरा नमुना बाजूला केला. मग दुसरा, मग तिसरा. "हा सरी, हाच बरोबर."

मी तोंड मिटायला गेले, तर तिने माझी हनुवटी धरली. "स्वल्प थांब." रंग ठरला होता, तरी ती बघतच राहिली. "अक्का, मान आखडली माझी," मी म्हटलं. तरी तिने लगेच सोडलं नाही. मला वाटलं, दुकानातली सवय, दोनदा बघितल्याशिवाय तिचं समाधान होत नाही.

दात घासले त्या दिवशी ओठ इतका बधिर होता, की संध्याकाळची कॉफी निम्मी साडीवर गेली. कायमचे दात बसल्यावर जीभ आठवडाभर त्यांना चाचपत राहिली, घरात नवा भाडेकरू आल्यासारखी. डॉक्टरने सुपारी फोडायला आणि नखं खायला बंदी केली. लग्नात मात्र मी मनसोक्त हसले. प्रत्येक फोटोत हसले.

अल्बम आला तेव्हा अक्का माझ्याकडेच होती. ती सावकाश एकेक पान उलटत होती. माझ्या एका मोठ्या फोटोवर तिने हात ठेवला.

"छान दिसतेस," ती म्हणाली. मग अल्बमकडेच बघत, "आधी तू हसलीस की आई हसल्यासारखी वाटायची. त्याच रेघा, त्याच दातांवर. माझे तर केव्हाच गेले. म्हणून त्या दिवशी उन्हात बघून घेतलं."

मी विचारलं, "मग तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तू केले नसतेस," अक्का म्हणाली, आणि तिने पान उलटलं.