त्या विहिरीला पाणी होतं

त्या चित्राला ‘तहान’ हे नाव मी दिलं नाही. पण ते सुचवलं गेलं तेव्हा मी मान डोलावली. खोटं तिथंच झालं.

चित्र माझ्या मित्राचं. कंधारला त्याचं फ्लेक्सचं दुकान आहे; वाढदिवसांचे आणि निवडणुकांचे फलक छापून उरलेल्या वेळात तो रंगवतो. मी लातूरला चित्रकला शिकवतो, आणि मोठ्या शहरातल्या एका समकालीन कलेच्या संग्रहालयाच्या खरेदी समितीवर मराठवाड्याचा माणूस म्हणून बसत होतो. प्रत्येक बैठकीला इथल्या चित्रांचे फोटो न्यायचो. अर्धापूरच्या केळीच्या बागा नेल्या, तर “फार हिरवं आहे.” उदगीरच्या आडतीवरची, पोट सुटलेली, पान चघळणारी माणसं नेली, तर “यात तुमचा प्रदेश दिसत नाही.” आमचा प्रदेश कसा दिसतो हे त्यांनी आधीच ठरवलं होतं. संग्रहात आमच्यासाठी एक जागा मोकळी होती आणि तिच्यात मावेल असं दुःख मी शोधून आणायचं होतं.

मग मी हे चित्र नेलं. खोल विहीर, तळाशी चिखलात चार माणसं, वर केलेले हात, उघडी तोंडं.

“पाण्यासाठी?” समितीच्या प्रमुख मॅडमनी विचारलं.

मी “हो” म्हणालो. मग ‘तहान’ हे नाव त्यांनीच सुचवलं.

त्या चौघांतला एक मी आहे. कॉलेजात असताना एका उन्हाळ्यात मित्राच्या गावी आम्ही विहिरीतला गाळ काढत होतो. इंजिन लावून पाणी उपसलं होतं. दुपारी मित्राची आई दोरानं भाकरीची पाटी खाली सोडत होती. पाटी गरगर फिरत होती आणि आम्ही खालून ओरडत होतो, “काकू, ठेचा सांडला तर तुम्हालाच खाली उतरावं लागंल!” ती तोंडं त्या ओरडण्याची आहेत. काकू आणि पाटी चित्रात नाहीत, म्हणून माझं खोटं खपलं.

नवं नाव कळल्यावर मित्र फोनवर म्हणाला, “अरे, आपण तर गाळ काढत होतो ना?”

“एकदा संग्रहात जाऊ दे, मग बघू,” मी म्हणालो.

संग्रहालयानं पाण्यावर एक नवं दालन उभं केलं, त्याच्या उद्घाटनाला तो आईला घेऊन आला. दालन दाखवणाऱ्या मुलीनं चित्राशेजारची माहिती सगळ्यांना वाचून दाखवली: कोरड्या विहिरीत पाण्याची याचना करणारी माणसं. काकू पुढे झाल्या.

“कोणाच्या विहिरीला पाणी न्हाई? माझ्या?” मग माझ्याकडे वळल्या. “पोरा, हे तुझंच तोंड हाय न्हवं? तहानला व्हतास व्हय रे? तांब्याभर ताक पिऊन उतरला व्हतास! सारी गल्ली माझ्या विहिरीवर पाणी भरती. सोयरे काय म्हणतील?”

लोक हसले. कोणी मोबाइलवर काकूंचे फोटो घेतले. मित्र फरशीकडे बघत होता. आणि मी, त्यांच्या हातची भाकर खाल्लेला माणूस, म्हणालो, “काकू, कलेत असं असतं.”

काकू चित्रापासून मागे सरल्या. परत जाताना माझ्याशी बोलल्या नाहीत.

पुढच्या बैठकीत मी खरं सांगितलं. मॅडम शांतपणे म्हणाल्या, “कलाकृतीचा अर्थ एकच नसतो.” मी म्हणालो, अर्थ राहू द्या, ही विहीर कोरडी नव्हती. त्यावर उत्तर आलं की पाण्यावरचं आख्खं दालन या चित्रावर उभं आहे. प्रत्येकापुढे पाण्याची सीलबंद बाटली होती. संताप असा आला की त्यातली एक भिंतीवर फेकावी. पण त्यांना हे खोटं पुरवणारा मीच होतो. समिती सोडली. नाव अजून तेच आहे.

मग मित्राच्या गावी गेलो. काकू विहिरीवरच होत्या, गल्लीतल्या बायका घागरी भरत होत्या.

“या साहेब,” काकू म्हणाल्या. “पाणी पाहिजे का? तहान लागली असंल.”

बायका फिदीफिदी हसल्या. काकूंना बाजूला नेऊन एकट्यांना सांगावं असं मनात आलं होतं. पण त्यांचा अपमान मी चारचौघांत केला होता. तिथंच, सगळ्यांसमोर बोललो.

“काकू, या विहिरीला पाणी होतं. आम्ही भाकरीसाठी ओरडत होतो आणि मी ती तहान म्हणून सांगितली. तुम्ही विचारलंत तेव्हा तुम्हालाच गप्प केलं. चुकलो मी. मला माफ करा.”